बाईंची खरखर

बाईंचा भूकंपमापक पूर्ण झाला त्या दिवशी घरातल्या दोन माणसांनी दोन प्रश्न विचारले. यजमानांनी विचारलं, "याला परवानगी लागते का?" आणि वन्संनी विचारलं, "मी आता झोपायचं कुठे?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. यजमान पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि अर्ज केल्याशिवाय पाऊससुद्धा पडू नये असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. वन्सं म्हणजे त्यांची धाकटी बहीण. गेली अकरा वर्षं त्या तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहत होत्या. ही खोली सगळ्या इमारतीत गार, शांत आणि रस्त्यापासून लांब होती. जमिनीच्या पोटातलं ऐकायला तिच्याइतकी चांगली जागा नव्हती. बाईंनी वन्संची कॉट हॉलमध्ये आणली आणि खोलीच्या दारावर पाटी लावली : 'कृपया हळू चालावे.'

"माझी खोली होती तेव्हा सगळे धाडधाड चालायचे," एवढंच वन्सं म्हणाल्या.

बाईंना सगळे बाईच म्हणत. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली की माणसाचं नाव गळून पडतं आणि पदवी उरते. आता अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी हा उद्योग काढला, कारण वर्तमानपत्रात वेधशाळेचं निवेदन आलं होतं. ज्यांच्या घरी भूकंपमापक असेल त्यांनी सलग सात दिवसांची स्वच्छ नोंद महिनाअखेरपर्यंत पाठवावी. ती पसंत पडली तर त्या घराला केंद्र म्हणून मान्यता मिळेल आणि वेधशाळेच्या भिंतीवरच्या नकाशात त्याचा एक ठिपका पडेल. पगार नाही, मानधन नाही, नुसता ठिपका. पण बाईंना त्या ठिपक्याचा ध्यास लागला.

त्याचं खरं कारण बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गेलं दीड वर्ष त्यांचा उजवा हात थरथरत होता. फार नाही. कप बशीत ठेवताना किणकिण व्हायची एवढंच. मग त्या कप दोन्ही हातांनी धरू लागल्या, आणि सही करायची वेळ आली की चष्मा शोधायला आत जाऊ लागल्या. या हाताने कधी काळी केसाएवढ्या तारा जोडल्या होत्या. तो अजून कामाचा आहे हे एकदा, निदान स्वतःपुरतं, सिद्ध व्हायला हवं होतं. ते नकाशावर ठिपक्याच्या रूपाने झालं तर फारच बरं.

यंत्र तसं सोपं होतं. दाराची बिजागरी किंचित तिरकी बसली की दार आपोआप हळूहळू मिटतं ना, तसा एक लोखंडी दांडा चौकटीला टांगलेला. त्याच्या टोकाला जुन्या तराजूचं वजन आणि एक लोहचुंबक, आणि चुंबकासमोर तांब्याच्या तारेचं वेटोळं. जमीन हलली की चौकट हलते, वजन मात्र आळशी माणसासारखं जागचं हलत नाही, आणि त्या ओढाताणीत तारेत चिमूटभर वीज येते. ती चिमूट वाढवून सांगायला एक पेटी लागते. ती पेटी, पोळीच्या डब्याएवढी, बॅटरीवर चालणारी, बाईंनी स्वतः बनवली होती. तिच्यात बावीस जोड होते आणि बावीसच्या बावीस त्यांनी स्वतः सोल्डर केले होते, तेही घरात कुणी नसताना आणि दार लावून. पेटीतून निघालेली तार भाच्याने टाकून दिलेल्या लॅपटॉपला जात होती, आणि त्याच्या पडद्यावर एक हिरवी रेघ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी संथ चालत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या रेघेला काटे फुटले.

एकदम दहा-बारा उभे काटे, मग दोन मिनिटं शांत, मग पुन्हा सात. योगायोगाने त्या वेळी खोलीत यजमान होते. त्यांनी काटे पाहिले आणि सरकारी माणसाला शोभेल अशा तत्परतेने ते अंगणात जाऊन ओरडले, "भूकंप! भूकंप! सगळ्यांनी खाली या!"

सगळी इमारत खाली आली. सेक्रेटरी अर्धी दाढी करून आले. पहिल्या मजल्यावरच्या टेलरताई गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या घेऊन आल्या, त्यामुळे पहिली दहा मिनिटं त्यांना बोलता आलं नाही. ती उणीव त्यांनी पुढे पंधरा दिवस भरून काढली. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ घामाने निथळत आले. ते सकाळ-दुपार पळण्याच्या यंत्रावर पळत आणि तासभर पळूनही दुसऱ्या मजल्यावरच असत, म्हणून इमारतीत त्यांना पळपुटे म्हणत. सगळे पाऊण तास उन्हात उभे राहिले. जमीन काही हलली नाही.

त्या दिवसापासून बाईंना जिन्यात भेटणारा प्रत्येक जण तोंड गंभीर करून विचारू लागला, "काय बाई, पृथ्वीची तब्येत बरी आहे ना आज?" ओरडले होते यजमान, पण अब्रू गेली बाईंची. संसारात ही वाटणी अशीच असते.

"तो भूकंप नाही," बाई घरी म्हणाल्या. "भूकंप असा येत नाही. तो आधी दाराशी येतो, मग आत येतो, मग हळूहळू जातो. त्याची एक चाल असते. ही नुसती खरखर आहे. बाहेरून कुठून तरी विजेची लुडबुड होतेय."

'बाहेरून' हा शब्द बाईंनी इतक्या ठामपणे उच्चारला की तो त्यांना स्वतःलाही खरा वाटला.

आता खरं सांगायचं तर खरखर ही काही नवी गोष्ट नव्हे. पूर्वी रेडिओ लावला की आधी खरखर यायची, मग गाणं यायचं, आणि दोन्ही मिळूनच तो कार्यक्रम असे. कुणी उठून थोडी तार हलवायचं, कुणी खिडकीत उभं राहायचं, आणि गाणं लागलं की त्या माणसाने तिथेच उभं राहायचं असा घराघरात दंडक होता. एकेकाचं सगळं तरुणपण असं खिडकीत उभं राहून गेलं. पण तेव्हा खरखरीचा दोष कुणी शेजाऱ्यावर ठेवत नसे. तो आकाशाचा दोष असे.

बाईंनी शोध सुरू केला. खरं तर पहिलं काम पाच मिनिटांचं होतं. वेटोळ्याची तार सोडवायची, तिच्या जागी तेवढाच विद्युतरोध असलेला एक तुकडा जोडायचा आणि रेघेकडे बघत बसायचं. खरखर थांबली तर दोष बाहेरचा, चालूच राहिली तर पेटीतला. हे बाईंनी मुलींना एकतीस वर्षं घोकून घेतलं होतं. आणि आता बाई हे पाच मिनिटांचं काम सोडून बाकी जगातलं सगळं करत होत्या.

त्यांनी फ्रीज बंद केला, दूध नासलं. पंखे बंद केले, यजमान नासले. घरातले सगळे मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवले. वन्संच्या मोबाइलवर त्यांच्या मैत्रिणीचा फोन आला आणि पिठाचा डबा अर्धा तास वाजत राहिला. खरखर येतच होती. बहुधा दुपारी, ऊन खिडकीवर आलं की जास्त, पण कधी कधी सकाळीही, आणि बाई पेटीकडे बघत बसल्या की हटकून नाही.

"दृष्ट लागलीय तिला," टेलरताई म्हणाल्या.

"पेटीला?"

"पेटीला का लागू नये? माझ्या मशीनला लागली होती."

सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. पळपुटे म्हणाले यंत्राखाली रबराची चटई टाका. सेक्रेटरी म्हणाले चटई काढा, जमिनीशी संबंध तुटतो. टेलरताईंच्या यजमानांनी, जे एरवी कधीच बोलत नसत, जिन्यात बाईंना गाठून हळूच सांगितलं, "आमच्या हिची मशीन असेल. दुपारीच चालवते. बंद करायला सांगा. कायमची सांगितलीत तरी चालेल."

हा धागा पकडून यजमानांनी अर्ज लिहिला. 'विषय : विद्युत खरखरीबाबत.' तीन प्रती. समितीची बैठक बसली. बाईंनी शास्त्रीय भाषेत मागणी मांडली : दुपारी दोन ते तीन सगळ्यांनी मोटरवर चालणारी यंत्रं बंद ठेवावीत, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल. आश्चर्य म्हणजे ठराव एकमताने झाला. बाईंना वाटलं, विज्ञानाचा विजय झाला. पण पळपुट्यांना वर्षभर टेलरताईंच्या मशीनचा त्रास होता, टेलरताईंना पळपुट्यांच्या पळण्याचा, आणि सेक्रेटरींना दोघांचाही. भांडायला कारण हवं होतं. बाईंनी ते शास्त्रीय पुरवलं. फळ्यावर नोटीस लागली : 'शांतता तास. भूकंपमापनाच्या राष्ट्रीय कार्यासाठी.' राष्ट्रीय हा शब्द सेक्रेटरींचा.

शांतता तासात इमारतीत इतका गोंगाट झाला की सांगता सोय नाही. जो तो दुसऱ्याच्या दाराला कान लावून फिरत होता. "तुमचा मिक्सर ऐकला मी!" "तो मिक्सर नव्हता, आमच्या सासऱ्यांचं घोरणं होतं!" आणि आत, पाटी लावलेल्या दारामागे, हिरव्या रेघेला काटे फुटतच होते.

"लिफ्ट," बाई म्हणाल्या. लिफ्ट बंद झाली. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी दोन दिवस बाईंच्या नावाने जप केला. तो चांगल्या अर्थाने नव्हता. काटे आलेच. "पाण्याचा पंप," बाई म्हणाल्या. पंप बंद झाला. काटे आले आणि पाणी गेलं. महिनाअखेरीला तेरा दिवस उरले होते, आणि सलग सात दिवस सोडाच, सलग तीन दिवसही स्वच्छ मिळाले नव्हते.

एका संध्याकाळी यजमान पडद्याकडे बघत म्हणाले, "अगं, हे काटे तेवढे पुसून टाकता येत नाहीत का? पाठवायच्या आधी?"

"येतात."

"मग?"

"मग काय? मुलींनी वहीत आकडे खोडले की मी वही खिडकीबाहेर फेकत असे. हा लॅपटॉप भाच्याचा आहे."

यजमानांनी विषय सोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात काही न बोलता वीज कार्यालयात गेले. त्यांच्या मते प्रकरण इमारतीच्या अधिकारकक्षेबाहेर गेलं होतं. तिथे खिडकीत त्यांच्यासारखाच एक क्लार्क बसला होता. फरक एवढाच की तो अजून निवृत्त झाला नव्हता.

"तक्रारीचा प्रकार?" क्लार्कने विचारलं.

"खरखर."

क्लार्कने यादीवरून बोट फिरवलं. "वीज नाही, दाब कमी, तार लोंबकळते, ठिणग्या, मीटर. खरखर नाही यात."

"पण आहे ती खरखरच."

"असेल. पण यात नाही. ठिणग्या लिहू?"

"ठिणग्या नाहीत हो."

"मग कुणी येणार नाही."

यजमान घामाघूम झाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत खोटी नोंद केली नव्हती. शेवटी दोन सज्जनांनी मिळून मधला मार्ग काढला. 'ठिणग्या (तत्सम)' असं लिहिलं गेलं आणि दोघांचंही मन शांत झालं.

त्याच दिवशी दुपारी एक वाजता शिडीवाली गाडी आली. वायरमनने कागद वाचला. "ठिणग्या," तो म्हणाला.

"तत्सम," यजमान म्हणाले.

"तत्समला वेगळा नियम नाही, काका. ठिणग्या म्हटलं की पुरवठा तोडायचा. इंजिनिअरसाहेब तपासतील मग जोडायचा."

"साहेब कधी येतील?"

"जेवून."

आणि त्याने सगळ्या इमारतीची वीज तोडली.

माणसं बाहेर आली, जिन्यात बसली, पुठ्ठ्यांनी वारा घेऊ लागली. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून म्हणत होता की हे सगळं कुणामुळे झालंय ते आम्हाला माहीत आहे. बाई मात्र आत खोलीत गेल्या. पेटी बॅटरीवर होती, लॅपटॉपमध्ये दोन तासांचा जीव होता. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. मशीन नाही, मिक्सर नाही, लिफ्ट, पंप, फ्रीज, काही नाही. अख्खी इमारत मुकी. मागोमाग वन्सं आल्या आणि त्यांच्याच खोलीत पाहुण्यासारख्या स्टुलावर टेकल्या.

रेघ संथ चालली होती. दहा मिनिटं. पंधरा. खिडकीतलं ऊन सरकत सरकत टेबलावर आलं, पेटीवर चढलं.

काटे फुटले. एक, दोन, पाच, बारा.



"आता कुणाची मशीन गं, वहिनी?" वन्संनी विचारलं.

बाईंनी खिडकीबाहेर कान लावून पाहिलं.

"इमारतीत आता चालू आहे ते फक्त आपण दोघी आणि तुझी पेटी."

"वन्सं, दार लावा."

वन्संनी दार लावलं. बाईंनी उजवा हात टेबलावर, उन्हात ठेवला. तो थरथरत होता. लपवायचा नाही म्हटल्यावर जरा जास्तच.

"दीड वर्ष झालं," बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"दीड वर्षापासून. कप दोन हातांनी धरायला लागलीस तेव्हाच. म्हटलं, सांगशील."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी."

"तू माझी खोली घेतलीस तेव्हा तरी मी काही विचारलं का?"

बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्हींचं काय करायचं ते न कळून त्यांनी पेटीचे स्क्रू काढायला घेतले. स्क्रू वन्संनी काढले.

आत बावीस जोड होते. बाईंनी चिमट्याने एकेक तार हलकेच ओढून पाहिली. चांगला जोड चकचकीत असतो आणि ओढला तरी हलत नाही. अकरा झाले, बारा झाले, सोळा झाले. सतराव्याला, वेटोळ्याची तार जिथे पेटीत शिरत होती तिथे, चिमटा लावला मात्र, तार अलगद हातात आली. जोड राखेसारखा करडा होता. सोल्डर तारेला धरून बसलंच नव्हतं, नुसतं शेजारी टेकलं होतं. ऊन लागलं की फुगायचं, स्पर्श सुटायचा, आणि रेघेला काटे फुटायचे. एखाद्या मुलीने असा जोड आणला असता तर बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. त्या स्वतः उठून दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. दोन मिनिटांनी आत आल्या.

"हात थांबत नाही तोवर सोल्डर गार होतं," त्या म्हणाल्या. "गार होताना तार हलली की असंच होणार. मला ते करतानाच कळलं होतं, वन्सं. मी बघितलं नाही."

वन्सं चौसष्टाव्या वर्षी बिनचष्म्याने सुई ओवायच्या. त्यांनी करड्या जोडाकडे जवळून पाहिलं. "टाकाच आहे हा. फक्त दोऱ्याऐवजी तापलेलं कथील. शिकव मला."

वीज नव्हती, म्हणून गार सोल्डरिंग आयर्न हातात धरूनच शिकवणी झाली. आधी दोन्ही तारा तापवायच्या, मग सोल्डर लावायचं, ते आपण होऊन पसरलं पाहिजे, मग श्वास रोखून थांबायचं. "म्हणजे आधी कापड ताणायचं," वन्सं म्हणाल्या. चार वेळा त्यांनी सुका सराव केला. साडेचारला इंजिनिअरसाहेब जेवून आले, ठिणग्या नाहीत असा शेरा मारला, वीज आली, आणि जिन्यात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत वन्संनी आयुष्यातला पहिला जोड दिला. तो नाण्यासारखा चकाकला. हात लागलाच आहे तर म्हणून त्यांनी शेजारचे संशयित सहा जोडही करून टाकले.

त्यानंतर रेघ झोपली. एक दिवस, दोन दिवस, सात दिवस. एक काटा नाही. मशीन चालली, पळपुटे पळाले, चौथ्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टने चार वेळा निष्कारण वर-खाली झाले. रेघेला त्याचं काही नव्हतं.

मग बाईंनी त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम केलं. समितीच्या बैठकीत उभ्या राहून त्यांनी सांगितलं, "खरखर आमच्या पेटीतली होती. जोड माझा कच्चा होता. माझा हात थरथरतो. तुम्हा सगळ्यांना त्रास दिला, मी माफी मागते. शांतता तास बंद करावा."

सेक्रेटरी गहिवरून म्हणाले, "बघा! याला म्हणतात मोठं मन. दोष दुसऱ्यांचा, आणि अंगावर कोण घेतंय?"

"अहो, खरंच माझा..."

"बाई, तुम्ही बोलू नका," टेलरताई म्हणाल्या. "पळण्याचं यंत्र कुणाचं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"आणि शिलाईचं?" पळपुटे म्हणाले.

बाईंच्या लक्षात आलं की खरखर आता त्यांची राहिली नव्हती. टेलरताईंना तिच्यामुळे दुपारची झोप मिळू लागली होती. टेलरताईंच्या यजमानांना तासभर शांतपणे पेपर वाचता येत होता. पळपुट्यांना शेजारणीवर लक्ष ठेवायचा हक्क मिळाला होता. सेक्रेटरींना फळ्यावर राष्ट्रीय हा शब्द मिळाला होता. ही इतकी उपयोगी खरखर एका कच्च्या जोडापायी कोण सोडणार? इतिवृत्तात नोंद झाली : 'बाईंनी सौजन्याने दोष स्वतःकडे घेतल्याबद्दल आभार. मूळ कारणाचा शोध चालू ठेवावा.' शिवाय बाईंच्या हातासाठी तिघांची उपसमिती नेमण्यात आली. दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा ओघ हातावर वळला. कुणी म्हणे कोमट तेल, कुणी म्हणे बर्फ. पळपुटे म्हणाले धावा.

राहिला वेधशाळेचा फॉर्म. यजमानांनी तो टेबलावर पसरला, पेन पुसलं आणि रकाने वाचायला सुरुवात केली. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटून दुसऱ्या प्रश्नापाशी ते थांबले. 'केंद्रचालक उपकरणाची दुरुस्ती स्वतः करू शकतो काय? होय / नाही.'

"होय," यजमान म्हणाले आणि पेन टेकवणार तोच बाईंनी फॉर्म ओढून घेतला. त्यांनी स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं : 'नाही. हात थरथरतो. दुरुस्ती माझी नणंद करते.'

"अगं, असं कुणी लिहितं का?" यजमान कळवळून म्हणाले. "एका 'नाही'मुळे आख्खी फाइल बसते! चाळीस वर्षं मी बसवलेल्या आहेत!"

"बसू दे."

"मग एवढं सगळं कशासाठी केलंस? त्या ठिपक्यासाठीच ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "पण तो ठिपका माझ्या घरावर पडणार आहे. घरात काय चालतं ते त्याला ठाऊक असावं."

फॉर्म गेला. नऊ दिवस काही उत्तर आलं नाही. यजमान रोज टपालपेटी उघडत आणि बाईंकडे न बघता आत येत. फाइल बसली होती. बाई कप अजूनही दोन्ही हातांनीच धरत होत्या, पण आता ते लपवण्यासाठी नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी वेधशाळेची जीप दारात थांबली. उतरले ते तिशीतले एक साहेब, बगलेत फाइल, बोलणं एकदम मऊ. त्यांनी पाटी वाचली आणि चवड्यांवर खोलीत शिरले. दांडा पाहिला, वजन पाहिलं, सात दिवसांची रेघ वर-खाली करून पाहिली. मग म्हणाले, "पेटी उघडता का जरा?"

वन्संनी उघडली. साहेबांनी खिशातून भिंग काढलं आणि इतका वेळ आत बघत राहिले की यजमानांनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

"हे जोड कुणाचे?"

"हे सात यांचे," बाई म्हणाल्या. "बाकीचे माझे. सतरावा तुटला होता, तो माझाच होता."

"आपण कुठे शिकलात?" साहेबांनी वन्संना विचारलं.

"याच खोलीत. वीज गेली होती तेव्हा."

साहेबांनी फाइल उघडली, शेवटच्या पानावर सही केली आणि शिक्का मारला. यजमानांनी डोळे उघडले. "ठिपका उद्या पडेल," साहेब म्हणाले. मग त्यांनी उठून खोलीचं दार आतून लावलं आणि आवाज खाली आणला. "बाई, एक विचारायचं होतं. खासगी. तुमचं 'नाही' वाचलं म्हणून मी स्वतः आलो. आमच्या मुख्य यंत्रालाही अशीच खरखर आहे. सहा महिने झाले. कधी येते, कधी जाते. समोरच्या रस्त्याच्या कामाला आम्ही नऊ पत्रं पाठवली. काम दोनदा बंद पाडलं. आता समिती नेमलीय."

"पेटीतले जोड ओढून बघितले?"

साहेबांचे कान लाल झाले.

"पेटी आमच्या संचालकांनी बनवलीय, बाई. स्वतः. दार लावून. कोण ओढणार?"

बाईंनी वन्संकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. तो मांडीवर नेहमीसारखा थरथरत होता. त्या उठल्या, चिमटा पर्समध्ये टाकला, वन्संच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिलं आणि चपला शोधू लागल्या.

"चला. जोडायचं काम यांचं. ओढायचं माझं."

"पण संचालक रागावले तर?" साहेब म्हणाले. "काय सांगू त्यांना?"

"सांगा, म्हातारी आहे," बाई म्हणाल्या. "हात थरथरतो तिचा. चुकून ओढला गेला."